टॅटूचं ऊन कसं अडवायचं: सोलापुरातल्या टॅटू आर्टिस्टचे अनुभवाचे बोल

नवीन टॅटूवर सनस्क्रीन लावायचं नाही. सगळ्यात आधी हेच सांगते, कारण माझ्या खुर्चीवरून उठलेला जवळजवळ प्रत्येक माणूस दारातून बाहेर पडताना विचारतो, "मॅडम, बाहेर कडक ऊन आहे, सनस्क्रीन लावू का?" विचारतो ते बरंच करतो. पण ताजा टॅटू ही जखम असते. सुईनं कातडीला हजारो बारीक भोकं पडलेली असतात आणि त्यांतून दोन-तीन दिवस लस आणि थोडी शाई झिरपत राहते. त्यात क्रीम गेलं की आग होते, पुरळ उठतं, कधी जखम चिघळते. नव्या टॅटूचं ऊन कपड्यानं अडवायचं. सनस्क्रीनची पाळी कातडी पूर्ण भरून आल्यावर.

मी सोलापुरात काम करते. एप्रिल-मेमध्ये इथं पारा बेचाळिशी ओलांडतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. माझ्याकडे येतात ती कॉलेजची पोरं, पॉवरलूमवरचे कामगार, ट्रकचे ड्रायव्हर, द्राक्षबागांत राबणारे शेतकरी, दिवसभर दुचाकीवर फिरणारी डिलिव्हरीची मुलं. यांना "उन्हात जाऊ नका" म्हणून भागत नाही. पोट उन्हातच आहे. म्हणून इथं लिहिते ते उन्हात कामाला जाणाऱ्या माणसाला जमेल असंच लिहिते.

ऊन टॅटूचं काय बिघडवतं

कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि साधारण महिनाभरात नवा येतो. शाई त्या थरात राहिली असती तर टॅटू महिन्यातच गेला असता. ती त्याखालच्या थरात बसते, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. शरीराला ती बाहेरची वस्तू वाटते, म्हणून सफाई करणाऱ्या पेशी धावून येतात, शाईचे कण गिळतात आणि तिथंच थांबतात. त्या पेशी मेल्या की कण सुटतात आणि शेजारच्या नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणजे तुमच्या हातावरचं चित्र वर्षानुवर्षं या देवाणघेवाणीवर टिकून असतं.

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात, त्यांनाच यूव्ही म्हणतात. त्यांतल्या यूव्ही-बी किरणांचा मार मुख्यतः वरच्या थराला बसतो. कातडी लाल होते, भाजते ती त्यांच्यामुळे. यूव्ही-ए किरण मात्र खोल, थेट शाईच्या थरापर्यंत जातात. तिथं रंगाचे रेणू तुटतात, कण आणखी बारीक होतात आणि त्यांतले काही शरीर वाहून नेतं. लाल, पिवळा, नारिंगी या रंगांत जे सेंद्रिय रंगद्रव्य वापरतात त्यातलं बरंचसं उन्हानं तुटणारं असतं. पांढरा, पिवळा आणि फिका गुलाबी तर नजरेतून सगळ्यात आधी जातात. काळ्या शाईत कार्बन असतो आणि कार्बन उन्हाला दाद देत नाही.

मग काळा टॅटू उघडा टाकला तर चालेल का? माझ्या आजीच्या हातावर गोंदण होतं, काजळीचं. म्हणजे कार्बनच. आयुष्यभर तिनं शेतात भांगलण केली. मनगटावरचं गोंदण हिरवट होऊन पसरलं होतं, कडा शोधाव्या लागायच्या. दंडावरचं, चोळीच्या बाहीखालचं, म्हातारपणीही बऱ्यापैकी रेखीव होतं. काजळी दोन्हीकडे एकच होती. ऊन खाऊन कातडीच बदलली होती: आतला ताण देणारा धागा सैल पडला, वरचा थर जाडाभरडा झाला आणि रेघ धूसर दिसू लागली. त्यामुळे काळ्या टॅटूतही तुम्ही शाईपेक्षा कातडी जपत असता. आजकाल फाइनलाइनची फार मागणी आहे, केसाएवढी रेघ, बारीक अक्षरं. अशा कामाला तर हे सगळं दुपटीनं लागू होतं, कारण तिथं रेघ जराशी पसरली तरी अक्षर वाचता येत नाही.

आपल्या सावळ्या कातडीबद्दल एक गैरसमज आहे. "आपल्याला ऊन लागत नाही, ते गोऱ्या लोकांचं." आपण लवकर भाजत नाही हे खरं, पण काळवंडतो पटकन. आणि तो काळवंडलेला थर शाईच्या वर असतो. मळक्या काचेतून चित्र पाहावं तसा टॅटू मंद दिसायला लागतो. आकाशी निळा राखाडी वाटतो, पिवळा तर दिसतच नाही. शिवाय आपल्या कातडीला जिथं जखम किंवा सूज येते तिथं काळे डाग मागे राहण्याची सवय आहे. नवा टॅटू उन्हात भाजला तर ते डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

पहिला महिना: फक्त कापड आणि सावली

सैल, पूर्ण बाहीचा, धुतलेला सुती शर्ट. नव्या टॅटूची ढाल तीच. घट्ट लायक्राच्या स्लीव्ह्ज, सिग्नलवर मिळतात त्या, पहिल्या तीन आठवड्यांत घालू नका. त्या घामानं चिकटतात आणि काढताना खपली उचलून आणतात. कापड टॅटूवर टेकलं तरी घासू नये एवढी जागा हवी. टॅटू पोटरीवर असेल तर सैल पायजमा, मानेवर असेल तर कॉलरचा शर्ट आणि वरून मऊ ओढणी.

कापड निवडताना ते ट्यूबलाइटसमोर धरून बघा. पलीकडचा उजेड जाळीसारखा दिसला तर ऊनही तसंच आत येणार. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टमधून साधारण पाचवा ते सातवा हिस्सा यूव्ही आत येतं. दाट विणीचं, गडद रंगाचं कापड कितीतरी जास्त अडवतं आणि डेनिममधून तर जवळजवळ काहीच जात नाही. गडद कापडात उकडतं, मान्य आहे. म्हणून मी मधला रस्ता सांगते: गडद निळा किंवा करडा, सैल, दाट विणीचा सुती शर्ट.

आमच्याकडे टॉवेल ओला करून डोक्यावर, खांद्यावर टाकायची रीत आहे. गारव्याला ती उत्तम. पण सुती कापड ओलं झालं की त्यातून ऊन जास्त आरपार जातं, हे बहुतेकांना माहीत नसतं. आणि नव्या टॅटूवर ओला टॉवेल टाकणं म्हणजे रस्त्यावरची धूळ आणि ओल दोन्ही जखमेवर आणून ठेवणं. डोक्यावर घ्या, टॅटूवर नको.

टॅटूवर पारदर्शक फिल्म लावली असेल, ज्याला आम्ही सेकंड स्किन म्हणतो, तर ती पाणी आणि धूळ अडवते. ऊन अडवते असं धरून चालू नका. फिल्मवरूनही बाही हवीच, आणि खाली घाम साचून फिल्मची कड सुटली तर ती काढून, सौम्य साबणानं धुऊन, टॅटू कोरडा करा. पेट्रोलियम जेली, खोबरेल तेल, हळद, कोरफड यांतलं काहीही सनस्क्रीनचं काम करत नाही. खोबरेल तेल लावून उन्हात बसलेली मंडळी मी पाहते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यांनी ते प्रेमानंच लावलेलं असतं. हळद तर खपलीत रंग धरते, नव्या टॅटूपासून ती लांबच ठेवा. घरात लग्न असेल तर हळदीच्या कार्यक्रमाची तारीख बघून मगच टॅटूची तारीख ठरवा.

तारखेवरून आठवलं. आषाढी वारीच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांत हातावर विठ्ठल काढून घ्यायला लोक येतात. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे ही गर्दी दरवर्षीची. माझा पहिला प्रश्न असतो, "पायी जाणार का?" पायी जाणार असाल तर महिनाभर आधी या, नाहीतर विठुमाउलीचं दर्शन घेऊन परत आल्यावर. दिवसभर चालणं, घाम, धूळ, चंद्रभागेचं स्नान आणि ऊन, यांत ताजा टॅटू नीट भरत नाही. काहींना राग येतो. तरी मी काढत नाही.

एकूणच वेळ निवडायची मोकळीक असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. घाम कमी, पूर्ण बाह्या सहन होतात, ऊनही वर्षातलं सगळ्यात सौम्य. मोठं रंगीत काम, पूर्ण हात किंवा पाठ, मी शक्यतो याच दिवसांत घ्यायला सांगते.

ऊन आणि उष्णता वेगळी

हे समजलं की निम्मं काम झालं. सोलापुरात मेमध्ये सगळ्यात जास्त उकडतं ते तीन-चारच्या सुमारास. पण यूव्हीचा जोर सर्वाधिक असतो तो सूर्य डोक्यावर आल्यावर, म्हणजे साडेबाराच्या आसपास. साडेपाचला गरम झळा लागतात तेव्हा यूव्ही बरंच उतरलेलं असतं. उलट संक्रांतीच्या गड्डा यात्रेत गार वारा सुटलेला असतो, ऊन टोचत नाही, म्हणून लोक टॅटू उघडा ठेवून भर दुपारी फिरतात आणि संध्याकाळी हात काळवंडलेला असतो.

घड्याळ नको, सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा छोटी असेल तर टॅटू झाकलेला हवा. लांब असेल तर धोका कमी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. शून्य सावली दिवस म्हणून शाळांमध्ये तो मुलांना दाखवतात. तसाच दुसरा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, पावसाळ्यात. तेव्हा आभाळ असतं म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पातळ ढगांतून यूव्हीचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग खाली येऊ शकतो. पावसाळ्यात सनस्क्रीनची ट्यूब कपाटात टाकू नका.

भरून आल्यावर

टॅटू भरला हे कसं ओळखायचं? खपली नाही, पापुद्रे सुटत नाहीत, खाज नाही, आणि डोळे मिटून हात फिरवला तर टॅटू कुठं सुरू होतो ते बोटाला कळत नाही. वर चंदेरी, ताणलेली चमक दिसत असेल तर अजून थांबा. छोट्या कामाला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. गच्च रंग भरलेल्या मोठ्या कामाला सहा आठवडेही लागतात. तोवर बाही.

त्यानंतर सनस्क्रीन. डब्यावर दोन गोष्टी बघा. एसपीएफ ३० किंवा ५० हा आकडा यूव्ही-बी किती अडतं ते सांगतो: ३० चं सुमारे ९७ टक्के, ५० चं सुमारे ९८ टक्के. त्यामुळे त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. टॅटूसाठी खरी महत्त्वाची खूण दुसरी, पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं. ती यूव्ही-ए किती अडतं ते सांगते, आणि शाईपर्यंत पोचतं ते यूव्ही-एच. तीन किंवा चार अधिक चिन्हं असलेलंच घ्या. ज्यांना क्रीमनं खाज येते त्यांनी झिंक ऑक्साइडवालं बघावं. ते सावळ्या कातडीवर थोडं पांढरट दिसतं, पण सोसतं. कुठलंही नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा, मग टॅटूवर.

किती लावायचं यात सगळे कंजुषी करतात. डब्यावरचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. सोप्या भाषेत: बोटांसह तुमच्या पंज्याएवढा टॅटू असेल तर तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी जाड रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. खांद्यापासून मनगटापर्यंत पूर्ण हात असेल तर दोन बोटं भरून. पंज्याएवढ्या टॅटूला दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब पन्नासेक दिवसांत संपली पाहिजे. वर्षभर पुरत असेल तर तुम्ही फक्त वास घेताय.

घरातून निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, चोळून जिरवू नका, पसरवा. मग दर दोन तासांनी पुन्हा. कामावर हे जमत नाही, ठाऊक आहे. म्हणून सकाळी निघताना, आणि दुपारी जेवण करून हात धुतल्यावर, या दोन वेळा तरी ठरवून टाका आणि मधल्या वेळात बाही खाली ओढा. आधी घाम पुसा, मग लावा. स्प्रे शक्यतो नको. वाऱ्यावर निम्मा उडतो आणि थर नीट बसत नाही. ट्यूब दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत क्रीम फाटतं, पाणी आणि तेल वेगळं होतं, आणि असं सनस्क्रीन भरवशाचं राहत नाही. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवा.

दुचाकीवाल्यांना माझा आग्रह कपड्याचाच. हँडलवर हात असताना मनगटापासून कोपरापर्यंतची वरची बाजू सरळ आभाळाकडे असते, आणि नेमका तिथंच सगळ्यांना टॅटू हवा असतो. आपल्याकडच्या बायका सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालून गाडी चालवतात, त्यांचे टॅटू वर्षानुवर्षं चांगले राहतात. पुरुषांनी यात लाजायचं काही कारण नाही. भरलेल्या टॅटूवर आता त्या घट्ट स्लीव्ह्जही चालतील. यूव्ही अडवणाऱ्या कापडावर यूपीएफ ५० असं लिहिलेलं असतं, म्हणजे पन्नासावा हिस्साच आत येतो. धुऊन धुऊन विरलेली, ताणली की पारदर्शक होणारी स्लीव्ह मात्र बदला.

ड्रायव्हर मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं. साधी काच यूव्ही-बी बरंचसं अडवते, यूव्ही-ए मात्र आत सोडते. पुढची काच दुहेरी थरांची असल्यानं ती जास्त अडवते, खरा त्रास बाजूच्या काचेचा. एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी लोंबलेली, उजवी मात्र कितीतरी तरुण. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि उजवं कोपर खिडकीवर टेकवायची सवय सगळ्यांनाच. म्हणून ड्रायव्हर आला की मी रंगीत काम डाव्या हातावर सुचवते. ज्याचा उजव्याच हातावर जीव आहे, त्यानं बाही उतरवलेली ठेवावी. पुण्या-हैदराबादला एसटीनं, रेल्वेनं दिवसा जाणाऱ्यांनीही खिडकीकडचा हात झाकावा. ऑफिसात खिडकीला टेबल असेल तरी तेच.

सहलीचं थोडक्यात. ताज्या टॅटूनं समुद्रात, तलावात, पोहण्याच्या तलावात उतरू नका. तिथं उन्हाइतकीच भीती जंतुसंसर्गाची. भरलेला टॅटू घेऊन तारकर्लीला किंवा गोव्याला जाताना "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं सनस्क्रीन घ्या. ते पाण्यात ४० किंवा ८० मिनिटं टिकतं, टॉवेलनं अंग पुसलं की पुन्हा लावायचं. छत्रीखाली बसलात तरी वाळू आणि फेसाळ पाणी ऊन उलटं फेकतात. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावं: उंची दर हजार मीटरनं वाढली की यूव्ही दहाएक टक्क्यांनी वाढतं आणि ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत ते परत फेकतो. तिथं थंडी असते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

ऊन लागलंच तर

नवा टॅटू लाल, गरम झाला तर सावलीत या, गार पाण्यानं हलक्या हातानं धुवा, स्वच्छ कापडानं टिपा आणि भरपूर पाणी प्या. बर्फ थेट ठेवू नका; टूथपेस्ट, लिंबू, हळद काहीही लावू नका. फोड आले, पू दिसला, लाली टॅटूच्या बाहेर पसरत चालली किंवा ताप आला तर मला फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. भरलेला टॅटू भाजला असेल तर गार पाणी, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सुटणारी सालटी न ओढणं, एवढं पुरतं.

जुना टॅटू उन्हात गेलं की ठरावीक रंगापुरताच फुगतो, खाजतो, अशी तक्रार घेऊन लोक येतात. लाल आणि पिवळ्यात हे जास्त दिसतं. ही शाईची आणि उन्हाची प्रतिक्रिया असू शकते, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. टॅटूतला किंवा शेजारचा तीळ वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला तरीही तसंच. तिळावर मी शाई घालत नाही, तीळ सोडून डिझाइन वळवते, ते याचसाठी: त्याच्यावर नजर ठेवता आली पाहिजे.

दरवर्षी एकदा, त्याच खिडकीशी, सकाळच्या उजेडात टॅटूचा फोटो काढून ठेवा. रोज पाहिलं की फिकेपणा कळत नाही. दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की कळतो. टचअप हवा असं वाटलं तर येण्याआधी निदान चार आठवडे तो भाग झाकून ठेवा. काळवंडलेल्या कातडीवर शाईचा खरा रंग जुळवता येत नाही, आणि उन्हानं नुकत्याच भाजलेल्या कातडीवर मी सुई लावत नाही.